यादीत नाव आहे, पण फोनला सापडत नाही: मराठी पीडीएफ आणि प्रिंटरच्या भाषेची गोष्ट

मागच्या वर्षी पावसानं मराठवाड्याचं काय केलं ते वेगळं सांगायला नको. ऑगस्ट-सप्टेंबर २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यातली कितीतरी शेतं पाण्याखाली होती. आमच्या उमरीकडेही हातातोंडाशी आलेलं सोयाबीन गेलं. नंतर मदतीच्या याद्या यायला लागल्या. यादीत नावापुढे एक व्हीके नंबर असतो. तो घेऊन सेवा केंद्रावर जायचं, ई-केवायसी करायची, मग पैसे खात्यात. नंबर मिळाला नाही तर पुढचं सगळं अडतं.

अशीच एक यादी गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली. पीडीएफ, शंभराच्या वर पानं. मामांचा फोन आला, "भाच्या, बघ की रे, माझं नाव आलंय का?" मी फाइल उघडली, वर भिंगाच्या खुणेवर बोट ठेवलं, मामांचं नाव टाइप केलं. निकाल शून्य. आडनाव टाकलं, तरी शून्य. मी दोन मिनिटांत सांगून मोकळा झालो, "नाही आलं मामा, पुढच्या यादीत येईल."

आठ-दहा दिवसांनी मामा ग्रामपंचायतीत गेले, तर भिंतीवर तीच यादी छापून लावलेली. त्यात मामांचं नाव होतं. स्वच्छ, ठळक, व्हीके नंबरसकट. तोवर मामांनी हरभऱ्याचं बियाणं उधारीवर उचललं होतं. "तू तर म्हणलास नाही म्हणून," एवढंच ते बोलले.

मी फाइल पुन्हा उघडली. नाव त्या फाइलमध्येही होतं, डोळ्यांना दिसत होतं. फक्त फोनला सापडत नव्हतं. मामांचं नाव इथे देत नाही. पण त्यात एक पहिली वेलांटी आहे आणि आडनावात एक रफार आहे, एवढं लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

पीडीएफला शब्द माहीतच नसतात

आपल्याला वाटतं की पीडीएफ म्हणजे लिहिलेला कागद, फक्त फोनमधला. तसं नाही. पीडीएफ म्हणजे पानावर शाई कुठे पडायला हवी याच्या सूचना. हे समजायला चाळीस वर्षं मागे जावं लागतं.

लेझर प्रिंटर पान रांगोळीसारखं काढतो, म्हणजे ठिपक्यांनी. साधा ६०० डीपीआयचा प्रिंटर घ्या. एका इंचात ६०० ठिपके. ए-४ च्या एका पानाचे हिशेब केले तर सुमारे ३ कोटी ४८ लाख ठिपके होतात. प्रत्येक ठिपका काळा की पांढरा, हे कुणीतरी ठरवायला हवं. पण कॉम्प्युटरनं प्रत्येक पानाचे एवढे ठिपके पाठवत बसायचं, हे १९८० च्या दशकातल्या यंत्रांना झेपणारं नव्हतं. शिवाय दुसरा प्रिंटर आणला की त्याच्या ठिपक्यांची संख्या वेगळी, म्हणजे सगळं पुन्हा.

जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की या दोघांनी १९८२ मध्ये अ‍ॅडोबी कंपनी काढली आणि १९८४ मध्ये 'पोस्टस्क्रिप्ट' ही भाषा आणली. कल्पना अशी की ठिपके पाठवायचेच नाहीत, पानाचं वर्णन पाठवायचं. पानाचा खालचा डावा कोपरा म्हणजे शून्य. एका इंचाचे ७२ भाग. मग सांगायचं: डावीकडून १००, खालून ७०० वर जा, अमुक फॉन्ट घे, हे अक्षर काढ, तिथून इथपर्यंत रेघ ओढ. ठिपके किती आणि कसे, हे प्रिंटरनं आपल्या कुवतीप्रमाणे ठरवायचं. अशा भाषेला पानवर्णनाची भाषा म्हणतात. त्याच सुमारास एचपीच्या लेझरजेटबरोबर पीसीएल नावाची दुसरी, जरा सोपी भाषाही आली.

पण हे वर्णन वाचून ठिपके बनवायला प्रिंटरला डोकं लागतं. १९८५ मध्ये अ‍ॅपलचा लेझररायटर आला तेव्हा त्याच्यातला प्रोसेसर त्या वेळच्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरपेक्षा वेगवान होता. किंमत ६,९९५ डॉलर. त्याच वर्षी पेजमेकर आलं आणि घरबसल्या पानं लावण्याचा धंदा सुरू झाला. आपल्याकडच्या छापखान्यांत लग्नपत्रिका नि हँडबिलं वर्षानुवर्षं याच पेजमेकरमध्ये लागली.

पीडीएफ १९९३ मध्ये आलं, त्याच अ‍ॅडोबीतून. पोस्टस्क्रिप्टचंच पुढचं रूप म्हणा. २००८ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झालं. हेतू एकच होता: पान कुठल्याही यंत्रावर उघडा, कुठेही छापा, दिसायला तसंच दिसलं पाहिजे. ते काम पीडीएफ चोख करतं. मामांचं नाव भिंतीवर अगदी बरोबर छापलं गेलं ते यामुळेच.

'दिसणं' हे त्याचं मूळ काम आहे. 'काय लिहिलंय' हे सांगणं नंतर जोडलेलं.

'अर्ज' लिहिताना काय होतं

इंग्रजीत यानं फारसं बिघडत नाही. ज्या क्रमानं टाइप करता त्याच क्रमानं अक्षरं डावीकडून उजवीकडे बसतात. मराठीत तसं नाही.

'अर्ज' हा शब्द घ्या. कीबोर्डवर क्रम असतो: अ, र, हलन्त, ज. चार खुणा. पण कागदावर काय दिसतं? अ, मग ज, आणि ज च्या डोक्यावर रफार. तीनच आकार, आणि र ची पाळी शेवटी. आता 'जिल्हा' घ्या. टाइप करताना ज आधी, वेलांटी नंतर. कागदावर वेलांटी आधी, ज नंतर, मग अर्धा ल, ह आणि काना. सहा खुणांचे पाच आकार झाले, तेही वेगळ्या क्रमानं.

पीडीएफमध्ये जातात ते हे आकार. फाइलला एवढंच माहीत असतं की अमुक जागी या फॉन्टमधला ४१२ नंबरचा आकार काढायचा, त्याच्या पुढे ८७ नंबरचा. हा ४१२ म्हणजे वेलांटी की अर्धा ल, हे तिला आपोआप कळत नाही. त्यासाठी फाइलसोबत एक तक्ता द्यायची सोय आहे: कुठला आकार म्हणजे कुठलं अक्षर. आणि जिथे क्रम उलटसुलट होतो तिथे 'या आकारांचा मूळ शब्द हा' अशी चिठ्ठी लावायचीही सोय आहे. पीडीएफ बनवणाऱ्या सॉफ्टवेअरनं हे दोन्ही नीट दिलं तर मराठी शोधता येतं, कॉपी होतं, अंध वाचकाच्या फोनला ते वाचूनही दाखवता येतं. तक्ता अर्धवट असेल, चिठ्ठी नसेल, तर पान दिसतं सुंदर आणि आतून मुकं असतं.

आता मामांचं नाव आठवा. मी फोनमध्ये व्यंजन आधी आणि वेलांटी नंतर असं टाइप केलं. फाइलमध्ये वेलांटी आधी होती. आडनावातला रफार फाइलमध्ये शेवटी होता. फोननं जुळवून पाहिलं, जुळलं नाही, शून्य सांगितलं. फोन खोटं बोलला नाही. मी 'सापडलं नाही' याचा अर्थ 'नाही' असा लावला, ती चूक माझी.

गंमत बघा, 'उमरी' हा शब्द त्याच फाइलमध्ये लगेच सापडला. उ, म, र आणि दुसरी वेलांटी. टाइप करायचा क्रम आणि दिसायचा क्रम एकच. त्यामुळे सर्च चालतोय असा माझा समज आणखी पक्का झाला होता.

जुन्या फॉन्टचं ओझं

यापेक्षा वाईट प्रकारही असतो. काही मराठी पीडीएफमधून ओळ कॉपी केली की इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविरामांचा काला हातात येतो. तो व्हायरस नसतो. तो इतिहास असतो.

पोस्टस्क्रिप्टच्या काळातल्या टाइप-१ फॉन्टमध्ये एका वेळी २५६ च जागा वापरता यायच्या. इंग्रजीला त्या भरपूर. मराठीला जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, मात्रा, रफार मिळून त्या कमी पडतात. पुण्यात सी-डॅकच्या जिस्ट गटानं आणि श्री-लिपी बनवणाऱ्या मॉड्युलर इन्फोटेकनं या अडचणीतून वाट काढली, आणि त्यामुळे मराठी छपाई कॉम्प्युटरवर आली. हे काम मोठं होतं. पण अशा फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असत. कॉम्प्युटरच्या दृष्टीनं मजकूर इंग्रजीच, फक्त चेहरा मराठी. आणि कुठला आकार कुठल्या जागी, हेही प्रत्येक फॉन्टवाल्याचं वेगळं.

१९९१ मध्ये दोन गोष्टी झाल्या. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे मानक पक्कं झालं आणि युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिच्यात देवनागरी होती. विंडोज २००० बरोबर आलेला 'मंगल' फॉन्ट आपल्या र. कृ. जोशींनी रेखाटलेला. २००९ मध्ये केंद्र सरकारनं ई-गव्हर्नन्ससाठी युनिकोड हेच मानक ठरवलं. तुमच्या फोनवर तुम्ही जे मराठी लिहिता ते सगळं युनिकोडच आहे.

तरीही जुन्या फॉन्टमधल्या फाइली अजून फिरतात. तिकडे अ‍ॅडोबीनं जानेवारी २०२३ पासून आपल्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप-१ फॉन्ट वापरणं बंद केलं. म्हणजे ज्या छापखान्याकडे त्या फॉन्टमध्ये लावलेली जुनी कामं आहेत, त्यांना नवं सॉफ्टवेअर घेतल्यावर ती तशीच्या तशी चालवता येत नाहीत.

दुकानातला प्रिंटर फोनचं का ऐकत नाही

मामांची ती यादी सापडल्यावर मी उमरीतच एका झेरॉक्सच्या दुकानात गेलो. नाव असलेल्या पानाची प्रिंट हवी होती. म्हटलं फोनवरूनच देऊ. फोन 'प्रिंटर शोधत आहे' म्हणत फिरत राहिला. दुकानदार हसले. "फोनवरून नाही होत भाऊ. व्हॉट्सअ‍ॅप करा, कॉम्प्युटरमधूनच द्यावं लागतंय."

इथे प्रिंटरची भाषा आडवी येते. प्रिंटरमध्ये डोकं ठेवणं महाग, म्हणून कंपन्यांनी स्वस्त प्रिंटर काढताना डोकंच काढून घेतलं. पानाचे ठिपके कॉम्प्युटरनं बनवायचे, आवळून पाठवायचे, प्रिंटरनं फक्त उमटवायचे. कॅननचा एलबीपी २९०० आणि एचपीचा लेझरजेट १०२० ही आपल्याकडच्या दुकानांत वर्षानुवर्षं राबलेली दोन नावं, दोन्ही याच जातीची. त्यांना ना पोस्टस्क्रिप्ट कळत, ना पीडीएफ. प्रत्येकाची स्वतःची ठिपक्यांची बोली आहे. १०२० ची मेमरी तर फक्त २ एमबी, आणि तो बंद करून चालू केला की त्याचं स्वतःचं सॉफ्टवेअरसुद्धा कॉम्प्युटरकडून दरवेळी नव्यानं घ्यावं लागतं. कमी किमतीत जास्त चालणारं यंत्र म्हणून त्यांचं कौतुकच आहे. पण ती बोली येणारा दुभाषी लागतो. त्यालाच ड्रायव्हर म्हणतात. हा दुभाषी विंडोजच्या कॉम्प्युटरमध्ये बसलेला असतो, तुमच्या अँड्रॉइडमध्ये नसतो.

नवे वायफाय प्रिंटर वेगळे. २०१० मध्ये अ‍ॅपलचं एअरप्रिंट आलं, २०१३ मध्ये कॅनन, एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्स यांनी मिळून मोप्रिया ही संघटना काढली. यांचं सूत्र असं की प्रिंटरनं एक सामाईक बोली शिकायची, म्हणजे दुभाष्याची गरजच नको. अँड्रॉइड ८ पासून फोनमध्ये ही सोय आधीच असते. प्रिंटर मोप्रियावाला असेल आणि फोन त्याच वायफायवर असेल तर थेट प्रिंट निघते.

मायक्रोसॉफ्टनं काय ठरवलंय

आता सध्याच्या बातमीकडे येऊ. 'विंडोज जुने प्रिंटर बंद करणार' असे मेसेज तुमच्याकडेही आले असतील. खरी गोष्ट अशी.

सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं की प्रिंटर कंपन्यांचे वेगवेगळे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणं टप्प्याटप्प्यानं थांबवणार. जानेवारी २०२६ पासून नवे ड्रायव्हर तिथे घेणं बंद. १ जुलै २०२६ पासून विंडोज आधी स्वतःच्या सामाईक ड्रायव्हरला पसंती देणार. १ जुलै २०२७ पासून सुरक्षेच्या दुरुस्त्या सोडून कंपन्यांचे ड्रायव्हर अपडेट तिथून मिळणार नाहीत.

कारण साधं आहे. ड्रायव्हर कॉम्प्युटरच्या अगदी आतल्या खोलीत वावरतो. २०२१ मध्ये 'प्रिंटनाइटमेअर' नावाचं भगदाड सापडलं, त्यातून प्रिंटिंगच्या वाटेनं अख्खा कॉम्प्युटर ताब्यात घेता येत होता. हजार कंपन्यांचे दुभाषे घरात ठेवण्यापेक्षा सगळ्यांनी एक बोली बोलावी, असं मायक्रोसॉफ्टचं म्हणणं.

पण यात 'जुना प्रिंटर बंद पडणार' असं कुठेही नाही. बसवलेला ड्रायव्हर चालत राहणार, आणि कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून सेटअप घेऊन तो बसवताही येणार. धोका वेगळा आहे. विंडोज १० चा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे दुकानदार कॉम्प्युटर बदलणार किंवा फॉरमॅट करणार. नवीन मशीनवर जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर आपोआप येईल या भरवशावर राहिले तर निकालाच्या, नाहीतर अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुकान अडेल. म्हणून तुमचं, नाहीतर ओळखीच्या कुणाचं झेरॉक्सचं दुकान असेल तर प्रिंटरचा सेटअप आजच उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. नवा प्रिंटर घेणार असाल तर खोक्यावर मोप्रिया किंवा एअरप्रिंट लिहिलंय का, तेवढं बघा.

माझ्या मते हा बदल आपल्या फायद्याचा आहे, आणि तो वेगामुळे नाही. आज आपण आधार, बँक पासबुक, सातबारा सगळं दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो. प्रिंट घेऊन आपण घरी येतो, फाइल तिथेच राहते. थेट फोनवरून प्रिंट निघायला लागली तर ही वाट टळेल. तोवर प्रिंट झाल्यावर चॅट आणि डाउनलोड झालेली फाइल समोर उभं राहून काढायला सांगा. चालत असेल तिथे पहिले आठ अंक झाकलेलं मास्क्ड आधारच द्या.

मात्र एक ध्यानात घ्या. प्रिंटर कितीही हुशार झाला तरी मामांसारख्यांची अडचण त्यानं सुटत नाही. तो छापणार तेच, जे फाइलमध्ये आहे. मुकी फाइल नव्या प्रिंटरवरही मुकीच.

मग आपण काय करायचं?

कुणासाठी यादी बघत असाल तर:

१. आधी फाइल तपासा. यादीतला वेलांटी किंवा रफार असलेला एखादा शब्द, उदाहरणार्थ 'जिल्हा', बोट दाबून कॉपी करा आणि स्वतःच्याच चॅटमध्ये पेस्ट करा. तसाच आला तर सर्चवर बराच भरवसा ठेवता येईल. मोडून आला तर सर्चचा 'शून्य' धरू नका.

२. शब्द निवडताच येत नसेल तर ते पान म्हणजे फोटो आहे. छापून, सही-शिक्का मारून पुन्हा स्कॅन केलेल्या याद्या अशाच असतात. तिथे गूगल लेन्स वापरा, किंवा फाइल गूगल ड्राइव्हमध्ये टाकून गूगल डॉक्समध्ये उघडा. ते चित्रातली अक्षरं ओळखतं, मराठीसुद्धा. पण ओळखण्यात चुका होतात, म्हणून नाव शेवटी डोळ्यांनीच खात्री करून घ्या.

३. नावाऐवजी गट नंबर शोधून बघा. आकड्यांना वेलांटी नसते, त्यांचा क्रम बदलत नाही. मात्र आकडे मराठी आहेत की इंग्रजी ते बघून दोन्ही तऱ्हेनं टाका.

४. यातलं काहीच जमलं नाही तर गावाच्या नावानं पान गाठा आणि एकेक ओळ वाचा. वीस मिनिटं लागतात. मी ती वाचवली होती.

आणि तुम्ही स्वतः फाइल बनवत असाल, म्हणजे ग्रामपंचायतीत ऑपरेटर असाल, सेवा केंद्र चालवत असाल, कॉलेजची नोटीस टाइप करत असाल, तर युनिकोडमध्येच लिहा. वर्डमधून 'सेव्ह अ‍ॅज पीडीएफ' करा. छापून परत स्कॅन करणं टाळा. सही लागतच असेल तर सहीची प्रत आणि शोधता येणारी प्रत, दोन्ही टाका. यादी असेल तर सोबत एक्सेलची फाइल द्या. फाइल ग्रुपवर टाकण्याआधी वर सांगितलेली कॉपी-पेस्टची चाचणी एकदा घ्या, अर्धा मिनिट लागतो.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. दोन हजार वर्षांची भाषा आहे आपली. तिच्यात लिहिलेलं नाव शंभर पानांत फोनला सापडावं, ही मागणी काही फार मोठी नाही. त्यासाठी नवं तंत्रज्ञान यायचं नाहीये, ते कधीच आलंय. वापरायचं तेवढं राहिलंय.

मामांची केवायसी झाली, उशिरा का होईना. परवा पुन्हा एक यादी ग्रुपवर आली. मामांचा फोन आला, पण या वेळी प्रश्न बदलला होता. "सर्च करू नको रे," ते म्हणाले, "वाचून सांग."

मी वाचून सांगितलं.